पावसाळ्याची बेगमी

ऑगस्ट २०१९ मधली एक सकाळ. नेहमीप्रमाणे दुधाला गेलो, तर दूधवाला म्हणाला, "काका, आज एकच पिशवी मिळेल. गाडीच आली नाही." कोल्हापूर-सांगलीला महापूर आला होता आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला होता. आपला सकाळचा चहा कृष्णा-पंचगंगेच्या काठावर एवढा अवलंबून आहे, हे मला त्या दिवशी कळले.

आणि आजी आठवली. मे महिन्यात ती बेगमी करीत असे. गव्हाला एरंडेल चोळायचे, डाळींना उन्हे दाखवायची, लाकूडफाटा माळ्यावर चढवायचा. "उरलं तर दिवाळीला होईल, सरलं तर कुणाच्या दारी जाऊ?" हे तिचे व्यवस्थापनशास्त्र.

पुढे कारखानदारीत उलटी विद्या आली. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल मागवायचा. जपानच्या टोयोटाने ती नावारूपाला आणली. गोदामात अडकलेला पैसा त्यामुळे मोकळा होतो, म्हणून ती विद्या खोटी नव्हे. पण २०११ च्या भूकंपाने हात पोळल्यावर याच टोयोटाने पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. २०२१ च्या चिपटंचाईत सुरुवातीचे महिने ती इतरांपेक्षा सावरून राहिली, ती या बेगमीमुळेच.

मात्र साठा हे सर्व दुखण्यांवरचे औषध नाही. दूध आठ दिवस साठवता येत नाही. तिथे दुसरी वाट लागते. कोल्हापूर अडले तर बारामतीकडून, अहिल्यानगरकडून किती येईल, हे आधी ठरलेले असावे लागते.

आणि वस्तू बनवणारेच मोजके असतील तर? १२ जानेवारी २०२१ ला 'सीरम'मधून कोविशील्डची पहिली खेप निघाली, तेव्हा आम्हा पुणेकरांचा ऊर भरून आला. एप्रिलमध्ये त्याच संस्थेच्या अदर पूनावालांना, कच्च्या मालावरचे निर्बंध उठवा, अशी अमेरिकेच्या अध्यक्षांना जाहीर विनंती करावी लागली. लस बनवायला खास पिशव्या आणि गाळण्याही लागतात. अशा वस्तूंसाठी पर्यायी उत्पादक उभे करायला वर्षे लागतात. संकट दारात आल्यावर ते होत नाही.

म्हणून मला वाटते, प्रत्येक कारखान्याने, रुग्णालयाने वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. काय साठवता येईल? कशाला दुसरी वाट आहे? आणि आपल्या पुरवठादाराचा पुरवठादार कोण?

यावर हिशेबनीस खर्चाकडे बोट दाखवतील. साठ्याचा खर्च दरवर्षी ताळेबंदात दिसतो. तुटवड्याचे नुकसान दहा वर्षांतून एकदा. त्यामुळे कात्री नेहमी बेगमीलाच लागते. पण वर्ष सुखरूप गेले, म्हणून विम्याचा हप्ता फुकट गेला असे आपण म्हणतो का?

आमच्या घरात आता दूध पावडरीचा एक डबा कायम असतो. मुदत संपत आली की तिचे गुलाबजाम होतात. आजीचा हिशेब चुकत नाही.