विश्लेषण : वायसर बदलायला प्लंबर, बीमला भोक पाडायला कुणीही! घरदुरुस्ती स्वतः करताना थांबायचे कुठे?

पाऊस ओसरला की हार्डवेअरच्या दुकानांत गर्दी सुरू होते. पुट्टीची पिशवी, पॉलिश पेपर, रोलर, एम-सील, सिलिकॉनची नळी. दिवाळीच्या आत घर नीट करायचे असते. कारागिराची मजुरी परवडत नाही, परवडली तरी तो ‘उद्या येतो’ म्हणून चार दिवस फिरकत नाही. मोबाइलवर प्रत्येक कामाचा व्हिडीओ आहेच. मग घरचाच कुणीतरी पाना आणि ड्रिल हातात घेतो.

यात काहीच गैर नाही. उलट ज्या घरात एकालाही नळ उघडता येत नाही, त्या घराची गंमत कारागीर बरोबर ओळखतात. गोंधळ वेगळाच आहे. ठिबकणाऱ्या नळाचे दहा-वीस रुपयांचे वायसर बदलायला आपण प्लंबर बोलावतो. तोच माणूस गीझरची तीन पिनांची वायर कापून दोन पिनांच्या प्लगला जोडतो, आणि एसी बसवणाऱ्याने बीममधून आरपार भोक पाडले तरी ‘काम लवकर झाले’ म्हणून त्याला चहा देतो. जिथे धोका नाही तिथे घाबरायचे आणि जिथे आहे तिथे बिनधास्त राहायचे, असा हा उलटा हिशेब आहे.

असे का होते?

नळाची चूक लगेच दिसते. पाणी तोंडावर उडते, घरचे हसतात. बीमची चूक दहा वर्षे दिसत नाही आणि अर्थिंग नसल्याचे कळते ते एकदाच. जी चूक ताबडतोब फजिती करते तिची भीती वाटते, जी गुपचूप बसून राहते तिची वाटत नाही. म्हणून काम हाती घेण्याआधी ‘मला हे जमेल का’ यापेक्षा ‘हे चुकले तर काय होईल आणि ते मला दिसेल का’ हा प्रश्न जास्त उपयोगी आहे. पाणी गळणार असेल आणि ते समोर दिसणार असेल, तर खुशाल करावे. माणूस दगावणार असेल किंवा बिघाड भिंतीच्या आत लपणार असेल, तर थांबावे.

कोणती कामे बिनदिक्कत करावीत?

सुरुवात नळापासून. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. एक थेंब पाव मिलिलिटर धरला तरी २१ लिटरहून अधिक पाणी गेले. जुन्या, बऱ्याच वेळा फिरवाव्या लागणाऱ्या नळात रबरी वायसर झिजलेले असते. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळात वायसर नसते, आत सिरॅमिकच्या चकत्यांचे कार्ट्रिज असते आणि ते अख्खे बदलावे लागते. दोन्ही प्रकारांत जुना भाग काढून दुकानात नेणे हाच शहाणपणा, कारण मापे अंदाजाने सांगून जुळत नाहीत.

त्याआधी पाणी बंद करायचे. बेसिनखाली किंवा फ्लश टाकीजवळ अँगल कॉक असतो, तो पुरतो. इतर नळांसाठी घराचा मुख्य वॉल्व्ह कुठे आहे, बाथरूमच्या माळ्यावर, डक्टमध्ये की गच्चीवर, हे आधी शोधून ठेवावे. वर्षानुवर्षे न फिरवलेला वॉल्व्ह अडकला असेल तर पान्याने जोर लावू नये. तो तुटला की पाच मिनिटांचे काम अख्ख्या विंगचे होते.

टेफ्लॉन टेपबाबत एक बारीक गोष्ट बहुतेकांची चुकते. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ आवळताना ती उलगडून बाहेर येते. आणि प्लॅस्टिकच्या फिटिंगवर पैलवानकी नको. आटे चिरले की गळती भिंतीच्या आत सुरू होते, म्हणजे साधे काम नको त्या रांगेत जाऊन बसते.

फ्लशच्या टाकीची गळती तर ऐकूही येत नाही. टाकीत खाण्याचा रंग टाकून १५-२० मिनिटे फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग उतरला तर तळाचे रबर गेले आहे. बदलायला फारशी हत्यारेही लागत नाहीत. दरवाजाची बिजागरी, कडीकोयंडा, सिंकचा सायफन, सिलिकॉनचे सांधे, रंगकाम ही सगळी याच जातीची कामे. बिघडली तर दिसतात आणि पुन्हा करता येतात.

भिंतीला ड्रिल मारणे मात्र या यादीच्या काठावर आहे. आतल्या वायरी साधारणपणे स्विचबोर्डपासून सरळ वर, खाली किंवा आडव्या जातात, म्हणून बोर्डाच्या त्या रेषांत भोक पाडू नये. तसेच नळाच्या वर आणि खाली. भुकटी लाल पडली तर वीट आहे. राखाडी पडली आणि ड्रिल अडखळू लागले तर काँक्रीट लागले असे समजावे. ब्लॉकच्या भिंतीतूनही राखाडी-पांढरी भुकटी पडते, पण त्यात ड्रिल सहज शिरते. व्हिडीओंबद्दलही एक इशारा हवा. यांतले कितीतरी अमेरिकेतल्या घरांचे असतात. तिथे लाकडी चौकटीवर जिप्समचे बोर्ड ठोकलेली भिंत असते आणि साध्या सॉकेटमध्ये १२० व्होल्ट. ते पाहून पुण्यातल्या विटांच्या भिंतीत लाकडी खांब शोधण्याचे यंत्र मागवणारेही आहेत.

विजेच्या कामात रेषा कुठे?

ही रेषा नियमांनीच आखून दिली आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार विजेच्या जोडणीत भर, बदल वा दुरुस्ती परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यायची असते. सूट आहे ती दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण यांच्या बदलापुरती, तीही मूळ क्षमता किंवा रचना बदलत नसेल तर. म्हणजे बंद पडलेला स्विच मेन बंद करून बदलला तर हरकत नाही. पण सहा अँपिअरच्या जागी सोळाचे सॉकेट बसवले की रचना बदलली.

फरक किरकोळ वाटतो, म्हणून आकडे पाहू. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो. दिव्यांसाठी टाकलेल्या सर्किटवर, पातळ वायरीवर तो लावला तर एमसीबी पडत राहतो. मग ‘एमसीबीच खराब आहे’ असा निष्कर्ष काढून मोठ्या क्षमतेचा बसवला जातो. आता एमसीबी पडत नाही, वायर तापते. एमसीबीची क्षमता वायरच्या जाडीवरून ठरते. वायर तीच ठेवून ती वाढवणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपेची गोळी देणे होय.

दुसरा गैरसमज याहून महागात पडतो. ‘घरात एमसीबी आहे, शॉक लागला तर पडेल.’ पडणार नाही. ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला ०.२३ अँपिअर प्रवाह वाहतो. हृदय बंद पाडायला तो पुरेसा आहे आणि १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तो जवळजवळ शून्य आहे. माणसाला वाचवणारे उपकरण वेगळे असते, आरसीसीबी. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक दिसताच ते क्षणार्धात वीज तोडते. त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले छोटे बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहणे हे विजेचे सर्वात महत्त्वाचे ‘स्वतः करा’ काम आहे. बटण दाबून वीज गेली नाही, तर उपकरण निकामी आहे किंवा जोडणी चुकलेली आहे. पेटीत असे बटणच नसेल तर घराला हे संरक्षणच नाही. दिवाळीच्या खर्चातला पहिला पैसा रंगाआधी इथे जायला हवा.

आणि ती तिसरी पिन. ती इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, म्हणजे प्लग घालताना अर्थिंग आधी जोडले जाते आणि काढताना शेवटी सुटते. ती कापणे, किंवा उघड्या वायरी सॉकेटमध्ये खोचून वर काडेपेटीच्या काड्या दाबणे याला आपल्याकडे कौतुकाने जुगाड म्हणतात. गीझर, वॉशिंग मशीन, मिक्सर, जिथे पाणी आणि धातू एकत्र आहेत तिथे हा जुगाड करणारा माणूस हुशार नसतो.

‘एवढीशी भिंत काढली तर काय होते?’

घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली चार मजली साईसिद्धी इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावर बदलांचे काम सुरू होते. त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला आणि गुन्हा दाखल झाला. एवढे मोठे काम कुणी सुटीच्या दिवशी स्वतः करत नाही हे खरे. पण ज्या बेफिकिरीतून ते घडते, ती आपल्या घरात लहान मापात असतेच. एसीची तांब्याची नळी नेण्यासाठी कोअर कटरने बीममध्ये भोक. वायर लपवण्यासाठी कॉलमला छन्नीने पाडलेली खाच. ‘फक्त प्लास्टर काढले’ म्हणत सळई उघडी पडेपर्यंत फोडलेला कोपरा. कॉलमच्या सळयांवर किमान ४० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असावे, असे भारतीय मानक सांगते. ही जाडी हवा आणि ओल सळईपासून दूर ठेवते. त्यातली २५ मिलिमीटर आपण खाच पाडून काढली, तर इमारत उद्या पडणार नाही. पण गंज लागायचा दिवस काही वर्षे अलीकडे आला.

कॉलम-बीम सोडून बाकी भिंती पाडायला मोकळ्या, हाही भ्रम. जुन्या इमारतींत अनेकदा कॉलमच नसतात, भार भिंतीच वाहतात. दुसऱ्या टोकाला मुंबई, ठाणे, पुण्यातले नवे टॉवर. ‘मायवान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या या इमारतींत स्लॅबबरोबर भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि भारही उचलतात. अशा घरात स्वयंपाकघर मोठे करायचे म्हणून भिंत कापणे म्हणजे खालच्या-वरच्या सगळ्यांच्या वतीने निर्णय घेणे. सोसायटीची लेखी परवानगी लागते ती याचसाठी, आणि समितीने स्ट्रक्चरल इंजिनीअरचे पत्र मागितले तर तो जाच समजू नये.

वजनाचाही विचार कुणी करत नाही. जुनी फरशी न काढता तिच्यावर इंचभर मसाला आणि नवी टाइल टाकली, तर चौरस मीटरला साधारण ७५ किलो भार वाढतो. दहा बाय दहाच्या खोलीत हे सुमारे ७०० किलो झाले. घरात माणसे आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरून स्लॅबचे गणित मांडलेले असते. त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग नुसत्या फरशीने कायमचा खाल्ला.

आणि दर दिवाळीला रंगवायचे ते छत?

सर्वाधिक पैसा वाया जातो तो इथे. बाथरूमखालच्या छताला पोपडे येतात, पांढरे क्षार फुलतात. खरवडून पुट्टी, वर ‘डॅम्प-प्रूफ’ रंग, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. कारण पाणी वरून येते. अनेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब खोल ठेवून त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. फरशीचे सांधे किंवा नहाणीच्या ट्रॅपची कड फुटली की पाणी त्या खड्ड्यात साचते आणि हळूहळू खाली झिरपते. खालून लावलेला रंग ते थांबवत नाही, फार तर आत कोंडून ठेवतो. आत सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते आणि एक दिवस छताचा तुकडा खाली येतो. छतावर तपकिरी डाग किंवा सळईच्या रेषेत भेग दिसली तर पुट्टीची पिशवी दुकानात परत द्यावी.

तपासणी मात्र घरच्या घरी होते. वरच्या घरातल्यांना विश्वासात घेऊन त्यांच्या नहाणीचे तोंड बुजवावे, दोन-तीन बोटे पाणी भरावे, पातळीची खूण करावी आणि एक दिवस थांबावे. पाणी रंगीत केले तर खाली उतरलेला डाग कुठला, यावरून होणारा वाद मिटतो. सांधे उघडे असतील तर ते कोरून एपॉक्सी भरणे हौशी माणसालाही जमते. त्यानेही थांबले नाही, तर दोष कोब्यात किंवा पाइपात आहे आणि ते काम जाणकाराचे.

खर्च कुणाचा, यावरून सोसायट्यांत वर्षानुवर्षे अबोला धरला जातो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचे उत्तर आहे. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, तर घरातल्या शौचालय, सिंक यांमुळे होणारी गळती त्या सदस्याने स्वखर्चाने. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते, हेही त्यातच आहे.

घर नवे असेल तर हत्यार उचलण्याआधी ताब्याची तारीख पाहावी. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष लक्षात आणून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. म्हणून आधी तारखेसह फोटो, मग लेखी तक्रार आणि तिची पोच. त्याआधीच उत्साहाने फरशी उखडून कोबा फोडला, तर मूळ दोष कुणाचा हे दाखवायला हातात काही उरत नाही.