बळीराजाचें नांव आणि अंदाजाचें खातें

महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस पांच वर्षें वीज फुकट देण्याची योजना काढली व तिला बळीराजाचें नांव दिलें. सुमारें ४४ लाख शेतकऱ्यांचीं बिलें एप्रिल २०२४ पासून माफ झालीं. ज्या घराची वीज ऐन गव्हाच्या पाण्याच्या वेळीं तोडली जात असे, त्या घराला बिलावरचा शून्य गोड लागला तर नवल नाहीं. आम्हीही त्या शून्याला नांवें ठेवीत नाहीं. परंतु बळीचें नांव घेऊन कोणी दारीं आला म्हणजे आमच्या लोकांनीं एकदां मागें वळून पाहावें. बळीच्या गोष्टींत मागणारा तीन पावलें मागत आला आणि सारें राज्य घेऊन गेला. आज मागणारा नाहीं, देणारा आला आहे. तेव्हां तो काय देतो इतकेंच पाहून भागणार नाहीं. तो आपल्या नांवावर काय लिहून ठेवतो तेंही पाहिलें पाहिजे.

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं शेतकऱ्याचा आसूड लिहून पुरा केला. शेतकऱ्याची लूट केवळ सुलतानी व अस्मानीनें होत नाहीं, ती कागदावर होते, हें त्यांनीं जगाला दाखविलें. कुळकर्णी लिहील तें खातें, सावकार सांगेल तें व्याज, आणि अक्षरशत्रु कुणब्याचा आंगठा. आज आपलीं पोरें लिहूं वाचूं लागलीं आहेत. तरीपण विजेच्या बाबतींत आपण अजून आंगठाच देत आहों. लाखों शेतीपंपांस मीटर नाहीं. ज्यांस आहे त्यांतील पुष्कळांचें वाचन वेळच्या वेळीं कोणी घेत नाहीं. तेव्हां शेतकऱ्यानें किती वीज वापरली हें मोजून नव्हे, अंदाजानें लिहिलें जातें. हा अंदाजाचा रकाना म्हणजे नव्या काळचें कुळकर्ण्याचें दप्तर होय.

साधा हिशेब करून पाहूं. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. पांच अश्वशक्तीची मोटर आठ तास चालली तर सुमारें ३० युनिट वीज जाते; मोटरीची स्वतःची खाद वेगळी. आतां मराठवाड्यांतील किंवा माणदेशांतील एखादी विहीर घ्या. माघ-फाल्गुनांत तिला तासा दोन तासांचेंच पाणी उरतें. दोन तासांत साडेसात युनिट जातील. चैत्रांत विहीर कोरडी पडली म्हणजे मोटर नुसती उभी. परंतु जेथें मीटर नाहीं तेथें बिल अश्वशक्तीवर, मग पाणी असो वा नसो. वापर किती झाला तें वरच्यांनीं ठरवावयाचें. न वापरलेली वीज अशा रीतीनें शेतकऱ्याच्या नांवावर चढते. तिची थकबाकी होते, थकबाकीवर व्याज चढतें, आणि वर्तमानपत्रांत मथळा येतो कीं शेतकरी वीज बुडवितो! २०२४ च्या योजनेनें पुढचीं बिलें माफ केलीं. मागची थकबाकी मात्र पुसली नाहीं. ती वहींत तशीच बसली आहे.

कोणी म्हणेल, हा तुमचा संशय आहे. संशय नव्हे, घडलेली गोष्ट आहे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० सालीं स्थापन झालें. शेतीपंपांस मीटर सोडून अश्वशक्तीवर आकारणी सुरूं झाल्यावर मंडळाला मोठी सोय झाली. तारांत मुरलेली, आंकडे टाकून चोरलेली, कारखान्यांत मीटर फिरवून पळविलेली, अशी सारी बेहिशेबी वीज शेतीच्या रकान्यांत घालतां येऊं लागली. १९९८ च्या कायद्यानें वीज नियामक आयोग आले, १९९९ सालीं महाराष्ट्राचा आयोग स्थापन झाला, आणि मंडळाला उघड्यावर हिशेब मांडणें भाग पडलें. तेव्हां जी गळती शेंकडा वीसाच्या आंत म्हणून सांगितली जात होती, ती शेंकडा तिसाच्याही वर असल्याचें कबूल करावें लागलें. गळतीचा आंकडा वर चढला तसा शेतीच्या नांवावरचा वापर खालीं आला. म्हणजे इतकीं वर्षें चोर दुसराच होता आणि फिर्याद शेतकऱ्यावर होती!

या हिशेबाच्या आधीं काय झालें तेंही विसरूं नये. देशांत वीजसुधारणेचा डांगोरा १९९१ नंतर पिटला गेला. सुधारणा करणाऱ्यांनीं पहिली गोष्ट कोणती केली? आहे ती वीज जाते कोठें हें शोधलें नाहीं. आधीं परदेशी कंपनी आणली. दाभोळ येथें एनरॉनशीं १९९३ सालीं करार झाला, १९९५ सालीं मोडला, १९९६ सालीं पुन्हां जोडला. १९९९ सालीं वीज आली. २००१ च्या मे महिन्यांत मंडळानें ती महाग म्हणून घेणें थांबविलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीचें दिवाळें वाजलें. कणगीला खालून भोंक असतां वरून महाग धान्य ओतणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाहीं. पुढें २००३ चा वीज कायदा आला, २००५ सालीं मंडळाचे तुकडे होऊन निर्मिति, वहन व वितरण यांच्या निराळ्या कंपन्या झाल्या. पाट्या बदलल्या, अंदाजाचा रकाना तसाच राहिला. २००३ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमांत दोन वर्षांनंतर बरोबर मीटरावांचून कोणास वीज देऊं नये असें लिहिलें आहे. तीं दोन वर्षें केव्हांच सरलीं.

आतां फुकट विजेचा पैसा येतो कोठून तें पाहूं. या योजनेसाठीं सरकारनें वर्षाला १४,७६० कोटि रुपये धरले. हे पैसे सरकारच्या तिजोरींतून म्हणजे तुमच्या आमच्या मीठ-मिरचीच्या करांतून वीज कंपनीस जावयाचे. शिवाय शेतीच्या सवलतीचा कांहीं भार इतर गिऱ्हाइकांच्या दरांत घातलेला असतो. गांवांतल्या सुताराची करवत, लोहाराचें वेल्डिंग, शिंप्याची मशीन, पिठाची गिरणी यांच्या बिलांत त्याचा अंश आहे. शेतकऱ्याला खरोखर पाणी मिळत असेल तर कारागीर भाऊ तो भार कुरकुर न करतां सोशील. परंतु शेतकऱ्याच्या नांवानें लिहिलेली वीज शेतांत पोंचलीच नसेल, तर लोहारानें कोणाचें कर्ज फेडावें? आणि ज्याला विहीरच नाहीं त्या कोरडवाहू कुणब्याला, ज्याला जमीनच नाहीं त्या मजुराला या १४,७६० कोटींतून थेट काय मिळतें? मोटर जितकी मोठी तितका वांटा मोठा. दानाचें ताट मोजल्यावांचून वाढलें म्हणजे पंक्तींत दांडगाच पोटभर जेवतो.

तिसरी गोष्ट रात्रीची. शेतीला दिवसा आठ तास किंवा रात्रीं दहा तास वीज, पाळीपाळीनें, ही रीत आपण वर्षानुवर्षें सोसली. रात्रीं दोन वाजतां फेज येते. मग कुणबी बॅटरी घेऊन ओल्या बांधावर, थंडींत कुडकुडत, पायाखालीं साप, आणि जुन्नर-संगमनेराकडे उंसांत बिबट्या. शहरांतल्या बंगल्याला अशी पाळी कोणी लावील काय? हीही हिशेबाच्या अभावाचीच करणी आहे. जें गिऱ्हाईक पैसे देत नाहीं व ज्याचा वापर मोजलेला नाहीं, तें शेवटच्या रांगेंत बसतें. त्याची डीपी जळली तर शेतकऱ्यांनींच वर्गणी काढून, ट्रॅक्टरवर घालून ती दुरुस्तीस न्यावी, असा कित्येक गांवांत पायंडा पडला आहे. फुकटाच्या मालाची तक्रार करूं नये, असें तोंडावर ऐकावें लागतें. शून्याच्या बिलाची किंमत ती हीच.

आम्हांस ठाऊक आहे कीं मीटर म्हणतांच आमचे शेतकरी बंधु बिचकतात. आज मीटर येईल, उद्यां त्यावर बिल येईल, परवां वायरमन कात्री घेऊन येईल, अशी त्यांची भीति. ही भीति खोटी नाहीं. अनुभवानें आलेली आहे. परंतु मीटर बसविणें एक आणि दर लावणें दुसरें. माप घेतल्यानें दान बंद होत नाहीं. रेशनच्या दुकानांत धान्य फुकट असलें तरी आपण तराजू मागतोंच ना? फुकट आहे म्हणून दुकानदारानें डोळ्यांनींच माप करावें, असें कोणती बाई चालूं देईल?

इतर प्रांतांत काय झालें तें ऐका. पश्चिम बंगालनें २००७ सालापासून शेतीपंपांस मीटर बसविले. तेथें दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरांस निराळा दर असतो. पुष्कळ पंपवाल्यांचें बिल पूर्वीच्या ठराविक आकारापेक्षां कमी भरलें. मात्र शेजाऱ्याच्या पंपाचें पाणी विकत घेणाऱ्या लहान शेतकऱ्यांचा सौदा कांहींसा बिघडला. आपल्याकडे मीटर आणतांना त्या गरिबांची आठवण आधीं ठेवावी. गुजराथेनें २००३ ते २००६ या काळांत गांवठाणाच्या व शेतीच्या विजेच्या तारा निराळ्या केल्या. त्यामुळें गांवांतल्या कारागिराला दिवसभर वीज मिळूं लागली, आणि शेतीला किती गेली तें उपकेंद्रांतच कळूं लागलें.

म्हणून आमचें मागणें थोडकें आहे. एक, प्रत्येक डीपीवर व शेतीच्या प्रत्येक फीडरवर चालू मीटर असावा, आणि त्याचें दरमहाचें वाचन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठींत लिहावें. डीपीवर दहा-पंधरा पंप असतात. त्यांनीं किती ओढली व वाटेंत किती मुरली तें सारा गांव पाहील. दोन, मोजलेल्या विजेवरच सरकारनें कंपनीस पैसे द्यावेत आणि मागची थकबाकी त्याच मापानें तपासून खोटी असेल ती काढून टाकावी. तीन, शेतीला वीज दिवसा द्यावी. २०१७ सालीं राळेगणसिद्धीपासून सौर कृषिवाहिनीचें काम सुरूं झालें. सूर्य दिवसाच उगवतो, तेव्हां या कामांत रात्रपाळीची सबब उरत नाहीं. चार, जळलेली डीपी मुदतींत बदलली नाहीं तर कायद्यांत सांगितलेली भरपाई न मागतां मिळावी.

यांतील कांहीं गोष्टींस सरकारची वाट पाहण्याचें कारण नाहीं. दर ठरविण्यापूर्वीं आयोगाला लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. तेथें कारखानदारांचे वकील जातात, आपण जात नाहीं. पुढच्या सुनावणीच्या आधीं ग्रामसभेंत आपल्या डीपीवरील पंप मोजा, किती दिवस वीज आली व किती तास मोटर चालली याची वही ठेवा, शाळेंत शिकलेल्या मुलामुलींकडून ती लिहवून घ्या, आणि ठरावासकट आयोगाकडे धाडा. १९२१ सालीं मुळशीच्या मावळ्यांनीं मुंबईच्या विजेसाठीं जमीन जाते म्हणून सत्याग्रह केला. पुढें कोयनेच्या विजेसाठीं गांवेंच्या गांवें उठलीं. या प्रांतांत वीज कुणब्याच्या जमिनीवर उभी राहिली आहे. ती त्याला कोणी भिक्षा म्हणून घालूं नये, आणि त्यानेंही ती भिक्षा म्हणून घेऊं नये. शून्य घ्या, पण शून्याच्या मागें काय लिहिलें आहे तें वाचून घ्या.