भूमीची स्मृति आणि आपली विस्मृति

इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांच्या लढाया. शेतकऱ्यास त्याचें काय प्रयोजन, असें आमचे पुष्कळ बांधव मानितात. परंतु आर्णीच्या काळ्या भूमीलाही इतिहास आहे, आणि तो विसरल्याची किंमत आपणच मोजीत आलों आहों.

इ. स. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें. तेथील कापूस विलायती गिरण्यांस मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसास अपूर्व भाव आला. युद्ध संपलें, भाव कोसळला. तरी कापसाचा पेरा पुढें वाढतच गेला. १८९९-१९०० च्या दुष्काळांत पीक बुडालें, तेव्हां ज्याच्या पेवांत ज्वारी नव्हती त्याची दैना झाली. एकाच पिकावर संसार टांगूं नये, हा पहिला धडा.

दुसरा धडा किडीनें दिला. १९८० नंतर पायरेथ्रॉईड जातीचीं औषधें आलीं. त्यांचाच मारा वारंवार झाला आणि अमेरिकन बोंडअळी त्यांस सरावली. एकच उपाय सतत योजिला कीं कीड त्यास पचविते, हें तेव्हांच कळलें होतें. तरी २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाल्यावर आपण काय केलें? कडेस पेरण्याकरितां पाकिटासोबत साधें बीं वेगळें येई. तें पुष्कळांनीं पेरलेंच नाहीं. वर फरदड राखून अळीस उन्हाळ्यापर्यंत अन्न पुरविलें. परिणामीं २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें शिवारें पोखरलीं. त्याच हंगामांत फवारणीच्या विषबाधेनें आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत सुमारें वीस माणसें दगावलीं.

कोणी म्हणेल, कोरडवाहू शेती, डोक्यावर कर्ज. इतिहास वाचून पोट भरतें काय? आक्षेप खरा आहे. भाव आपल्या हातीं नाहीं, पाऊसही नाहीं. परंतु पऱ्हाटींत तुरीचे तास घालणें, घरापुरती ज्वारी पेरणें, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटणें, तोंड-हात झांकल्यावांचून फवारणीस न जाणें, हें आपल्या हातीं आहे.

म्हणून आमची विनंति एवढीच कीं, प्रत्येक घरीं एक वही असावी. कोणतें बीं, कोणतें औषध, कोणती कीड, किती उतारा, हें दरसाल तींत लिहावें आणि पेरणीपूर्वीं मुलांसमक्ष वाचावें. आजोबांची चूक नातवानें पुन्हां करावी, यापरतें महाग बियाणें दुसरें नाहीं.