लोफर कोणाला म्हणायचं?

कल्याणच्या दूधनाक्यावर चार पोरं मोबाइल घेऊन उभी दिसली की आमच्या पिढीच्या तोंडून एकच शब्द निघतो, "लोफर!" मीही तो वापरला आहे. शेजारचा एक मुलगा रोज सकाळी अकरा वाजता कट्ट्यावर बसलेला दिसायचा. एकदा न राहवून म्हणालो, "काय रे, लोफरसारखा बसतोस? कामधंदा काही आहे की नाही?" तो उठून उभा राहिला. "चाचा, रात्रपाळी करून आलोय. घरात एकच खोली. अम्मीचं शिलाई मशीन चालू असतं, झोप लागत नाही."

मी मान खाली घातली. घरी येऊन शब्दकोश उघडला.

'लोफर' हा शब्द १८३०च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. उगम नक्की नाही. भटक्यासाठी असलेल्या एका जर्मन शब्दापासून तो आला असावा, असं मानतात. 'लोफ' हे क्रियापद मात्र त्याच्यानंतरचं, त्याच्यावरूनच बनलेलं. म्हणजे माणसावर शिक्का आधी बसला, तो काय करतो हे मागाहून ठरलं!

हिंदुस्थानात तर हा शिक्का गोऱ्यांनी गोऱ्यांवरच मारला होता. १८५४ साली रेल्वे कल्याणला पोहोचली. पुढच्या काळात रेल्वेची कामं सुटलेले कामगार, नोकरी गेलेले खलाशी, फौजेतून सुटलेले शिपाई असे कितीतरी युरोपियन मुंबईसारख्या शहरांतून फिरत. त्यांना 'लोफर' म्हणत. साहेबाची अब्रू जाते म्हणून सरकारने १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७४ मध्ये युरोपियन भटक्यांसाठी कायदा केला. त्यांना वर्कहाउसमध्ये ठेवायचं, नाहीतर मायदेशी पाठवायचं. काम का गेलं, हा प्रश्न मागेच राहिला.

आपल्याकडे फारसीतून आलेला 'बेकार' आहे. बे म्हणजे विना, कार म्हणजे काम. साधा शब्द, त्यात शिवी नाही. पण आपण त्याचाही अर्थ 'वाईट' करून टाकला. भाजी बेकार, रस्ता बेकार आणि नोकरी नसलेला मुलगाही बेकार!

आळशी माणसं असतात, नाही असं नाही. त्यांना खुशाल आळशी म्हणा. पण काम टाळणारा, काम न मिळालेला आणि काम करून थकलेला, हे तिघे एकाच कट्ट्यावर बसतात. लांबून ते सारखेच दिसतात. म्हणून शब्द फेकण्याआधी जवळ जाऊन विचारावं.

मी उशिरा विचारलं, आणि तेही दटावून. आता त्या मुलाला आधी मी सलाम करतो.