शिट्टी कुणाच्या हातात?

‘कायदा झाला की अर्धी लढाई जिंकली’ असे आपण बैठकांतून नेहमी म्हणतो. मीही म्हणत आले आहे. पण उरलेली अर्धी लढाई नेमकी कोणती, हे मला उमगले ते अमेरिकेतील एका बास्केटबॉल प्रशिक्षिकेची कारकीर्द समजून घेताना. खेळ हा आपल्या अंकांतून फारसा न येणारा विषय. पण हा प्रश्न मैदानापुरता नाही, म्हणून लिहिते आहे.

पॅट समिट १९५२ साली टेनेसी राज्यातील एका शेतकरी कुटुंबात जन्मली. गवताच्या माळ्यावर थोरल्या भावांशी खेळत ती बास्केटबॉल शिकली. गावच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून घरच्यांनी बिऱ्हाड हलवले. भावांना खेळाच्या जोरावर शिष्यवृत्त्या मिळाल्या. मुलींसाठी तेव्हा तशी सोय नव्हती, त्यामुळे तिच्या कॉलेजचा खर्च आईवडिलांनी उचलला. चार वर्षे कॉलेजच्या संघातून खेळून झाल्यावर, १९७४ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी ती टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची मुख्य प्रशिक्षक झाली. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी तीच चालवी, खेळाडूंचे कपडे तीच धुई. पहिला सामना एका गुणाने हरली. त्याच काळात तिचे पदव्युत्तर शिक्षण चालू होते आणि दुखावलेल्या गुडघ्यावर उपचारही. तरी १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ती खेळली आणि रौप्यपदक घेऊन आली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे बास्केटबॉल प्रथमच आले ते त्या वर्षी.

दरम्यान १९७२ साली ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने लिंगावरून भेदभाव करायचा नाही, एवढेच तो सांगतो. खेळाचे नावही त्यात नाही. पण मैदानावर त्याने उलथापालथ केली. १९७२ मध्ये शाळांतून खेळणाऱ्या मुली तीन लाखही नव्हत्या. २०१८-१९ पर्यंत ती संख्या चौतीस लाखांवर गेली. हे यश लहान नाही, आणि ते स्त्रियांनी भांडून टिकवलेले आहे.

आता दुसरी बाजू. १९७२ साली कॉलेजच्या मुलींच्या शंभर संघांपैकी नव्वदाहून अधिक संघांना स्त्रियाच शिकवत होत्या. त्यांची स्वतःची राष्ट्रीय संघटना होती. नियम, स्पर्धा, खेळाडूंचे हित, सारे त्याच ठरवत. पैसा नव्हता, पण निर्णय हातात होते. मग कायद्याच्या धाकाने पैसा येऊ लागला. कॉलेजच्या खेळांवर सत्ता गाजवणाऱ्या पुरुषांच्या संघटनेने हा कायदा खेळांना लागू होऊ नये म्हणून आधी खटपट केली. ती फसल्यावर १९८१-८२ च्या हंगामात तिने मुलींच्या मुख्य राष्ट्रीय स्पर्धा स्वतःच भरवायला घेतल्या. स्त्रियांची संघटना त्या स्पर्धेत तगली नाही, १९८२ मध्ये तिचे काम थांबले. ठिकठिकाणी मुलींचे क्रीडाविभाग पुरुषांच्या विभागात विलीन झाले आणि वरची खुर्ची बहुधा पुरुषाला मिळाली. २०१४ पर्यंत मुलींच्या संघांवरील स्त्री-प्रशिक्षक शंभरात त्रेचाळीसवर आल्या. क्रीडाविभागांच्या प्रमुखपदी शंभरात बावीसच उरल्या. पुरुषांच्या संघांना शिकवणाऱ्या स्त्रिया मात्र शंभरात दोन-तीनच.

म्हणजे खेळणाऱ्या वाढल्या आणि शिट्टी दुसऱ्याच्या हातात गेली. जोवर काम बिनपैशाचे, तोवर ते बाईचे. त्याला दाम आणि मान मिळाला की ते ‘व्यवसाय’ होते आणि पुरुषाकडे जाते. ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? घरी रोज रांधते कोण आणि लग्नाच्या पंगतीचा आचारी कोण असतो?

‘गुणवत्ता असेल तर पुरुष का नको?’ असे कुणी विचारील. कनेक्टिकट विद्यापीठाचे जीनो ऑरिएमा १९८५ पासून मुलींना शिकवतात. त्यांनी बारा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांची गुणवत्ता मी नाकारत नाही. माझा सवाल एवढाच आहे की गुणवत्तेचा हा दरवाजा एकाच बाजूने का उघडतो?

समिटच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. टेनेसी विद्यापीठाने मुलींचा क्रीडाविभाग २०१२ पर्यंत स्वतंत्र ठेवला होता आणि तो स्त्रियांच्या हाती होता. अडतीस हंगाम, १,०९८ विजय, आठ राष्ट्रीय विजेतेपदे हे तिचे कर्तृत्व खरेच. पण त्यामागे स्त्रियांनी चालवलेली एक व्यवस्था उभी होती. आपण कर्तबगार बाईचे पोवाडे गातो आणि तिला उभे करणारी व्यवस्था विसरतो. पुरुषांच्या संघाचे प्रशिक्षकपद घेण्याविषयी तिला दोनदा विचारले गेले. तिने नकार दिला. तिकडे जाणे ही बढती कशी, असा तिचा सवाल होता.

तिची एक गोष्ट मात्र मला खटकते. १९९० मध्ये ती एका खेळाडूला संघात आणण्यासाठी परराज्यात गेली असताना तिला कळा सुरू झाल्या. तशीच विमानाने परतून तिने मुलाला जन्म दिला. हा किस्सा कौतुकाने सांगतात. मला त्यात पराक्रमापेक्षा सक्ती दिसते. रात्रंदिवस प्रवास, मुलाबाळांकडे बघायला घरी दुसरे कुणीतरी आहे हे गृहीत, हा साचा पुरुषाच्या आयुष्यावरून बेतलेला. त्यात बसण्यासाठी प्रत्येक बाईने समिट व्हायचे का? की साचा बदलायचा?

२०११ मध्ये तिला स्मृतिभ्रंशाचा आजार असल्याचे निदान झाले. तिने ते लपवले नाही, आणखी एक हंगाम संघ सांभाळला. २०१२ साली तिची जागा तिच्याच जुन्या खेळाडूने, जी सत्तावीस वर्षे तिची सहायक होती, घेतली. २०१६ मध्ये समिट गेली. तिच्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली पुढे प्रशिक्षक झाल्या. माझ्या लेखी तिच्या करंडकांहून ही साखळी मोलाची. नोत्र दाम विद्यापीठाच्या मफेट मॅकग्रॉ याही कॉलेजात खेळून प्रशिक्षक झालेल्या. यापुढे आपण सहायक म्हणून स्त्रियाच नेमू, असे त्यांनी २०१९ मध्ये जाहीर सांगितले, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. मला ते योग्य वाटते. गेलेली शिट्टी आपोआप परत येत नाही.

आपल्याकडेही पंचायतीत जागा मिळाल्या, पण सरपंचबाईंच्या सहीमागे कुणाचा हात असतो हे आपण पाहिले आहे. म्हणून मैत्रिणींनो, तालुक्यात मुलींच्या कबड्डीचे सामने भरतील तेव्हा टाळ्या जरूर वाजवू या. पण त्याबरोबर विचारू या: यांना शिकवते कोण? पंच कोण? निवड समितीत बायका किती? आणि आज खेळणाऱ्या या मुली तिशीत कुठे असतील?