विश्लेषण : तंतू वाकेल, पण जुन्या तारांचे काय?

चंदीगड : ल कार्बुझिए यांनी आखलेल्या या शहरात इंटरनेटच्या केबलचा प्रश्न केवळ वेगाचा नाही. उघडे काँक्रीट आणि उघड्या विटा ही येथील वास्तुरचनेची ओळख. गिलावाच नसल्याने केबल त्याआड लपत नाही. कॅपिटॉल संकुलाचा २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेक्टर १ ते ३० मधील घरांचे सदनिकांत विभाजन करण्यास मनाई केल्याने सामान्य वस्तीचे वारसामूल्यही अधोरेखित झाले. अशा भिंतींवर केबल नेताना वळणरोधक ऑप्टिकल फायबर उपयुक्त ठरतो.

फायबरमधील प्रकाश काचेच्या गाभ्यातून परावर्तित होत पुढे जातो. तंतू फार वाकला की तो प्रकाश गाभ्याबाहेर निसटतो आणि संदेश क्षीण होतो. गाभ्याभोवती कमी अपवर्तनांकाचा थर देऊन ही गळती रोखता येते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये अशा तंतूंसाठी जी.६५७ हे मानक आणले. प्रचलित जी.६५२ तंतूची चाचणी ३० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर होते, जी.६५७ च्या ए१ प्रकारासाठी ही मर्यादा १०, तर ए२ साठी साडेसात मिलिमीटर आहे. त्यामुळे चौकटीच्या काटकोनातून किंवा विजेच्या जुन्या नळीतून बारीक केबल नेता येते. ए गटातील तंतू जुन्या जाळ्याशी जोडता येत असल्याने मूळ केबल उखडावी लागत नाही. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या कारखान्यांत ऑप्टिकल फायबर तयार होतो.

पर्यावरणाचा हिशेब मात्र तंतूपाशी संपत नाही. पीव्हीसीचे वेष्टन जळाले की हायड्रोजन क्लोराईड हा दाहक वायू बाहेर पडतो. म्हणून इमारतींच्या आत कमी धुराचे, हॅलोजनमुक्त वेष्टन श्रेयस्कर. तरीही तेदेखील प्लास्टिकच. शिवाय तांब्याच्या जुन्या तारेला भंगारात भाव मिळतो, म्हणून ती काढून नेली जाते. काच, प्लास्टिक आणि बळकटीचे धागे एकत्र असलेल्या फायबर केबलचे घटक वेगळे करणे खर्चिक आहे आणि काचेला मोलही नाही. परिणामी सेवा बंद झाली तरी केबल भिंतीवर वा झाडावर लोंबकळत राहते. ग्राहकाने कंपनी बदलली की तिच्या शेजारी आणखी एक येते.

उपाय प्रशासकीय आहे. दूरसंचार कायदा, २०२३ मध्ये सामाईक वाहिन्यांची तरतूद असून मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. सुमारे १२०० बाय ८०० मीटरच्या आखीव सेक्टरांत एकदाच खोदून सर्व कंपन्यांसाठी समान वाहिनी टाकणे तुलनेने सोपे आहे. नव्या केबलची परवानगी देतानाच निकामी केबल काढण्याची अट आणि त्यासाठी अनामत रक्कम ठेवली, तर ही जबाबदारी निश्चित होईल. अन्यथा सहज वाकणारा, स्वस्तात बसणारा हा तंतू भिंतींवरचा गुंता कमी करण्याऐवजी वाढवेल.