न्यायमंदिराचा जमाखर्च

अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील कोपर्डी हे गाव जुलै २०१६ मध्ये साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. ज्या कारणाने झाले, ते आठवले की आजही मान शरमेने खाली जाते. त्या वेळी जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाने आपले काम चोख बजावले. दीड वर्षाच्या आत, २९ नोव्हेंबर २०१७ रोजी, तिन्ही नराधमांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. अशा शिक्षेवर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हावे लागते. त्याची वाट पाहण्यात जवळजवळ सहा वर्षे लोटली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुख्य दोषीने येरवड्याच्या कारागृहातच आत्महत्या केली. लेक गमावलेल्या आईबापांच्या कानी तोवर उच्च न्यायालयाचा शब्द पडलेला नव्हता.

या विलंबाचे खापर एखाद्या न्यायमूर्तींच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींची ९४ पदे मंजूर आहेत आणि त्यांतील काही रिकामी असणे हे जणू नित्याचेच झाले आहे. परंतु अपिलाची कागदपत्रे सिद्ध व्हायला किती महिने लागतात, कर्मचारी किती, मिळालेला निधी कशावर खर्च पडला, हे विचारायचे कोणाला? येथे आपल्या राज्यघटनेची मांडणी मोठी चमत्कारिक आहे. उच्च न्यायालयांची रचना, अगदी त्यांच्या सुट्ट्यांसकट, संघ सूचीत असल्याने संसदेच्या अखत्यारीत येते. कर्मचाऱ्यांचा विषय राज्य सूचीत आहे. प्रशासकीय खर्च अनुच्छेद २२९ अन्वये राज्याच्या एकत्रित निधीवर ‘भारित’ असतो, म्हणजे विधिमंडळात त्यावर मतदान होत नाही. आणि प्रत्यक्ष कारभार मुख्य न्यायमूर्तींच्या हाती! नियम एकाचा, तिजोरी दुसऱ्याची, कारभार तिसऱ्याचा. अशा घरात हिशेबाची वही कोणीच उघडत नाही.

मतदानातून ही सूट घटनाकारांनी विचारपूर्वक दिली, हे मात्र विसरता येणार नाही. आणीबाणीत मिसाखाली डांबलेल्या स्वयंसेवकांच्या घरांना तिचे मोल अधिक सांगण्याची गरज नाही. स्थानबद्धांनाही न्यायालयाचे दार ठोठावता येते, असे देशातील ज्या नऊ उच्च न्यायालयांनी निर्भयपणे सांगितले, त्यांत मुंबईचे उच्च न्यायालय होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये ते दार लावून घेतले, ही गोष्ट वेगळी. अर्थसंकल्पाचा चाबूक दाखवून न्यायमूर्तींना वाकविण्याची सोय कोणत्याही सरकारला मिळता कामा नये. आजच्या नाही आणि उद्याच्याही नाही.

पण मतदान नाही म्हणजे चर्चाही नाही, असा अर्थ कोणी लावला? अनुच्छेद २०३ भारित खर्चावर सभागृहात चर्चा करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत देतो. अनुच्छेद २११ मनाई करतो ती न्यायमूर्तींच्या कर्तव्यपालनातील वर्तनावर बोलण्यास. निवाडा आणि व्यवस्थापन या दोन भिन्न गोष्टी आहेत. तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ या काळासाठी न्यायव्यवस्थेला पाच हजार कोटी रुपये देऊ केले. त्यात न्यायालय व्यवस्थापकांच्या नेमणुकाही होत्या. त्या रकमेचा बराच मोठा भाग खर्चीच पडला नाही! हात आखडला की कल्पकता, आणि तो दिल्लीत, मंत्रालयात की न्यायालयात, याची झाडाझडती विधिमंडळात व्हायला कोणत्या न्यायमूर्तींच्या स्वातंत्र्याला धक्का लागला असता?

मौनाचा तोटा न्यायालयांनाही होतो. मुंबई उच्च न्यायालयाला नव्या जागेसाठी वर्षानुवर्षे सरकारदरबारी तिष्ठावे लागले. अखेर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून लक्ष घातले, तेव्हा वांद्र्याच्या जमिनीची चक्रे हलली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील पायाभरणी करताना तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांनीच बांधकामात उधळपट्टी नको, अशी समज दिली. जो प्रश्न लोकप्रतिनिधींनी विचारायचा, तो सरन्यायाधीशांनी विचारला.

सुशीलकुमार मोदी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने ऑगस्ट २०२३ च्या आपल्या १३३ व्या अहवालात उच्च न्यायालयांनी वार्षिक अहवाल प्रसिद्ध करावेत, असे सुचविले. मुंबई उच्च न्यायालयाचा असा अहवाल दरवर्षी विधिमंडळाच्या पटलावर यावा आणि अर्थसंकल्पी अधिवेशनात त्यावर एक दिवस चर्चा व्हावी. याला घटनादुरुस्ती लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये विधान परिषदेचे सभापती झालेले प्रा. राम शिंदे कर्जत-जामखेडचेच माजी आमदार आहेत. कोपर्डीची वाट त्यांना कोणी दाखवायला नको.